रकाना सात

फॉर्म बावीस पानांचा.
पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत
या भूमीच्या मूळ रखवालदारांना वंदन,
आणि वंदन झालं की लगेच खाली:
तुम्ही मूळच्या असल्याचा दाखला जोडा.

दाखला आहे. शिक्का आहे त्याच्यावर.
शिक्का मारणारी माझी चुलतबहीण कोरेल.
एका पत्र्याच्या टबात आंघोळी केल्या आम्ही,
आता ती लिहून देते की ती मला ओळखते.
मारताना हसली. मीही हसले.

क्लेटन आला पर्थहून, दीड दिवस गाडी हाकत.
बरा पोरगा. त्याचीही आजी आमच्यातलीच, पण दक्षिणेकडची,
म्हणून आधी दोघांनी आपापली माणसं सांगितली,
कुणाची कोण, कुठल्या पाण्याची,
मग त्यानं लॅपटॉप उघडला.

धंदा: कपडे धुणे.
खाणीच्या कॅम्पवर चारशे माणसं झोपतात.
त्यांच्या चादरी ट्रकात बसून पाचशे किलोमीटर जातात
आणि धुऊन येता येता
वाटेतली लाल धूळ खाऊन येतात.
इथे हॅलोरन्स वेलला पाणी आहे, ऊन फुकट आहे,
आणि दुकानाच्या पायरीवर बसलेली पोरं आहेत.
क्लेटन म्हणाला, हे शेवटचं जरा वेगळ्या शब्दांत लिहू.

रकाना सात: स्वतःचं भांडवल.
चौकोन तीन बोटं रुंद.

माझी आजी विनिफ्रेड
मिशनच्या धोबीखान्यात एकतीस वर्षं.
तांब्याची कढई, निळीची पुडी, ढवळायला दांडा,
सिस्टरांचे पांढरे झगे, साहेबाचे टेबलक्लॉथ.
पगार तुझ्या नावावर जमा होतोय, असं साहेब सांगायचा.
वहीत. वही त्याच्या कपाटात.
हातात यायचं पीठ, चहा, साखर
आणि नाताळला एक कापड.
ती गेली तेव्हा वहीही नव्हती.
कुणी म्हणे पुरात गेली, कुणी म्हणे वाळवीनं खाल्ली.
पण कपाट होतं. कपाट मी पाहिलंय.

मी लिहिलं:
एकतीस वर्षांचा पगार. सरकारकडे जमा.

क्लेटननं वाचलं.
खिडकीतला एसी घरघरत राहिला.
मग तो हळूच म्हणाला, आंटी,
या चौकोनात अक्षरं बसत नाहीत. फक्त आकडा.
मग शून्य लिही.
शून्य टाकलं तर पुढचं पान उघडत नाही.

शेवटी गाडी लिहिली.
टोयोटा, तिसरा गिअर पडत नाही, चार हजार डॉलर.
तेवढ्यावर सरकारचं समाधान झालं.

सात महिन्यांनी मंजुरी.
दोन मशिनं ट्रेलरवर आली, प्लास्टिकात गुंडाळलेली,
आणि मंत्र्यांचा संदेश, तोही प्लास्टिकात.
खाण कंपनी बिल देते नव्वद दिवसांनी,
साबणाचा पिंप मात्र रोख मागतो,
ते मी कसं जमवते ते विचारू नका,
फॉर्मवरही विचारलेलं नाही.

पायरीवरचा जार्विस आता चादरींच्या घड्या घालतो.
एकोणीस वर्षांचा, पहिला पगार, पहिली पगारचिठ्ठी.
टोपीत ठेवून फिरत होता ती.
परवा काढली, बोट ठेवून विचारलं,
हे इथे काय कापलंय? हे कुठे गेलं?
कापलेला टॅक्स, म्हणाले. त्याखालचं कापलेलं नाही,
ते म्हातारपणासाठी मी वर भरते.
तुझ्या नावावर जमा होतं.

आणि माझ्याच तोंडातून आलेलं ते वाक्य
मला माझ्याच कानांनी ऐकू आलं.

मशीन बंद केलं. चादरी अर्ध्या पाण्यात तशाच.
हात पुसले, त्याचा फोन मागितला,
सिग्नलसाठी दोघं पाण्याच्या टाकीवर चढलो.
पासवर्ड तीनदा चुकला.
मग उघडलं.
वाच, म्हणाले. मोठ्यानं वाच.

एकशे बत्तीस डॉलर, चाळीस सेंट, तो म्हणाला.

पुन्हा वाच.