तीस आणि वीस

कागदावर मी फारशी चुकले नाही.
बावीस वर्षं क्लाक्सविकच्या छापखान्यात:
मासळीच्या डब्यांची लेबलं, चर्चच्या पुस्तिका,
निधनवार्तांच्या काळ्या चौकटी.
अक्षर जिथं ठेवलं तिथं राहायचं.
शाई वाळली की कुणाचं काही चालत नसे,
माझंसुद्धा.

मग छापखाना विकला गेला, यंत्र भंगारात,
आणि माझ्याकडे आलं फेरीबोटीचं वेळापत्रक,
वेबसाइटसकट.

माझ्या पडद्यावर देखणं दिसत होतं ते.
सात रकाने, समास मोकळे,
वर बोटीचा फोटो, मीच काढलेला, धुक्यातून निघताना.
दुसऱ्या दिवशी हानुसचा फोन. चाळीस वर्षं बोट चालवतो तो.
म्हणाला, "रानवा, तुझ्या आठवड्यात रविवार नाही."
मी म्हटलं, आहे की.
"असेल. माझ्या फोनवर शनिवारनंतर काठ लागतो."
मोतीबिंदूमुळे त्याच्या फोनवरची अक्षरं बोराएवढी.

त्या रात्री मी रकाने ढकलत बसले.
रविवार आत घेतला तर सोमवार खाली घसरला,
सोमवार उचलला तर तिकिटाचं बटण
तळपट्टीखाली जाऊन बसलं, दिसेना, दबेना.
एकदा तर सगळे वार एकावर एक चढले.
तासभर शोधलं.
एक अर्धविराम राहिला होता.
शाळेत अर्धविरामाला कोण विचारतं?
आमच्या बाईसुद्धा स्वल्पविरामावर भागवायच्या.

एयुन एकोणीस वर्षांचा. दिवसा सामन मासे मोजतो,
रात्री कोड लिहितो. बूट दाराशी काढून
ओल्या मोज्यांनीच आत आला.
"बाराशे पिक्सेल रुंदी कुणी सांगितली तुला?"
मीच ठरवली.
"फोनला विचारलंस?"

त्यानं एक ओळ लिहिली
आणि पानावरच्या प्रत्येक चौकटीला लाल कडा आली,
डोंगरावर कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून
आम्ही मेंढरांच्या कानाला खाच पाडतो, तशी.
मी जिला रिकामी जागा म्हणत होते
तिथं चौकटी होत्या. चौकटीत चौकटी.
आणि एकच चौकट कुंपणाबाहेर पाय टाकून उभी:
माझा फोटो.
धुकं, बोट, सगळं बाराशे रुंद.
रविवार बिचारा तिच्या मागं मागं गेलेला.

शंभर टक्क्यांच्या वर जायचं नाही,
असं फोटोला लिहून दिलं.
ऐकलं त्यानं. बोट लहान झाली,
धुकं तेवढंच वाटलं.

एक गोष्ट मात्र अजून पटत नाही.
मथळ्याखाली मी तीस सोडले होते,
तक्त्याच्या वर वीस.
पन्नास व्हायला हवेत.
मोजले, तर तीस.
पुन्हा मोजले.
एयुन जांभई देत म्हणाला, ही चूक नाही, नियमच आहे:
दोन समास एकमेकांना भिडले
की मोठा धाकट्याला पोटात घेतो.
मधे काही असलं तरच वेगळे राहतात,
एखादी रेघ, कणभर अस्तर.

तो गेल्यावर मी तशीच बसून राहिले.
पलीकडच्या बेटावर सुन्नवा, माझी बहीण.
ती म्हणते तिनं तीन वर्षं वाट पाहिली.
मी म्हणते मी दोन.
बेरीज करून मी ते पाच करून ठेवले होते,
आणि पाच वर्षं ओलांडायला
कुठली बोट पुरणार?
मधे आईचं शिवणयंत्र होतं, दुसरं काही नाही.
ते तिला हवं होतं. मला शिवता येत नाही.

रविवार आला आत. पावणेअकरा, अडीच, सहा.
हानुस "बरं झालं" म्हणाला आणि फोन ठेवला.
फोन आडवा धरला की तळपट्टी अजून उडी मारते,
ते उद्या बघेन.

सुन्नवाच्या फोनवर कसं दिसतंय
ते मला माहीत नाही.
विचारावं लागेल.