सातव्या गाण्यातला खोकला

आमच्या फ्योर्डच्या टोकाला
सूर्य नोव्हेंबरात डोंगराआड जातो
तो फेब्रुवारीतच तोंड दाखवतो.
मधले दिवस आम्ही कॉफीवर काढतो,
दिव्यांवर,
आणि कुणी कुणी त्या अल्बमवर.

काळं कव्हर. नाव नाही, चित्र नाही.
बोट फिरवलं तर लागतो एक उंचवटा,
जुन्या जखमेच्या वणासारखा.
चौऱ्याण्णव साली पाचशे प्रती काढल्या,
त्यातल्या दोनशे हेर्दिसच्या आईच्या तळघरात
बटाट्यांच्या पोत्यांशेजारी पडून राहिल्या.
अजून मातीचा वास येतो त्यांना.

त्याच वर्षी भट्टी बंद पडली.
कार्बाइडची. साठ वर्षं न विझलेली.
पोरं कुलूप तोडून आत शिरली:
हेर्दिस बास घेऊन, तोर्गेइर गिटार,
आणि आयविंद, ज्याच्याकडे ड्रम नव्हते,
त्यानं तेलाची पिंपं आडवी केली.
माइक दोरीनं गटारात सोडला
पोहरा सोडावा तसा
आणि वर काय येतं ते बघत बसले.

अंधारालाही पोत असतो
हे मला त्या अल्बमनं शिकवलं.
एक असतो घोंगडीसारखा, खरबरीत पण ऊबदार.
एक गोठलेल्या लोखंडासारखा,
जीभ लावली की सोलवटून घेणारा.

तोर्गेइर गात नव्हताच, मोजत होता.
कामावरून काढलेल्यांचे बिल्ल्यांचे नंबर
एकामागून एक, एकाच पट्टीत.
तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या मिनिटाला
चारशे बारा.
माझा बाप.

राजधानीतल्या कुणी लिहिलं होतं:
ऐकताना वाटतं, वरच्या मजल्यावर
कुणीतरी फर्निचर हलवतंय.
बरोबरच लिहिलं.
आमच्या डोक्यावर तेव्हा
सगळं घरच हलवत होते.

आणि सातवं गाणं. अकरा मिनिटं.
बासचा एकच स्वर, गळक्या छपराचं पाणी,
आठव्या मिनिटाला कुणीतरी खोकतं.
तो आर्नफिन, रात्रपाळीचा राखणदार.
पोरांना हाकलायला आला होता म्हणे,
दारातच उभा राहिला.
तीस वर्षांची धूळ होती त्या छातीत.

मी तेव्हा सतरा वर्षांचा.
आता नगरपालिकेची बर्फ उपसायची गाडी चालवतो,
पहाटे तीनला निघतो.
कॅसेट दोनदा मशीननं खाल्ली,
दोनदा पेन्सिलीनं गुंडाळून घेतली.
दुःखाची गाणी काय, ढिगानं आहेत,
ती पाठीवरून हात फिरवतात.
हा अल्बम हात फिरवत नाही.
अंगातला कोटही न काढता
शेजारच्या सीटवर बसून राहतो, बस.

गेल्या वर्षी ऑस्लोहून एक सज्जन आले,
टेप धुऊन-पुसून नवी आवृत्ती काढली.
खरखर गेली, ठिबकणं गेलं, खोकला गेला.
आयविंद ऐकून म्हणाला,
झाडलोट केली,
आणि माणूसच केरात टाकला.

परवा माझी यूरुन सोबत आली गाडीत.
सोळाची आहे. तिच्या लेखी भट्टी म्हणजे
दोर बांधून भिंत चढायची जागा.
म्हणाली, नवी नको, तुमची जुनी लावा.
सातव्या गाण्यात पुढे वाकली.
हा माणूस जिवंत आहे?
नाही, म्हटलं, कधीच गेला.
तिनं टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली.
पाणी तरी द्यायचं ना कुणी त्याला, म्हणाली.
मग एकदम, थांबा, दिलंय.

खोकल्यानंतर लोखंडावर
काहीतरी टेकवल्याचा बारीक आवाज आहे.
तीस वर्षं मी तो
आयविंदचा ठेका समजत आलो.
आणि त्याच्या आधी, नीट ऐकलं तर,
बास थांबलेली आहे.
चार सेकंद. जेमतेम.

हेर्दिस रोज बेकरीत भेटते.
अजून विचारलेलं नाही.
गाडी वळवली, फाळ खाली केला,
यूरुन टेप पुन्हा मागे घेत होती.