खिळ्यावरची बहात्तर

वर्तमानपत्र अंथरून त्यावर तीन पुल्या मांडल्यात.
शंभर, नव्वद, बहात्तर. मिलिमीटर.
बाबलो च्यारीने काल रात्री लेथवर काढल्या,
कडेला अजून ॲल्युमिनियमचे केस आहेत,
बोटाला लागतात.

कायतान बहात्तर उचलतो,
हातात खेळवतो, खाली ठेवत नाही.
"ही ल्हानशी घाल गो बाय. ल्हान तितका जोर."

खोटं नाही.
मोठ्या माणसाचं बोट धरलेलं पोर
त्याच्या दोन पावलांना पाच टाकतं.
क्रँकची एकशे ऐंशी, हिची बहात्तर:
इंजिन पाच हजारांवर गेलं
की ब्लोअर साडेबारा हजारांवर,
चौदा पौंड हवा कोंबणार छातीत.

आणि छाती कुणाची,
तर पोर्तुगीज अमदानीत मुरगावला बोटीतून उतरलेल्या
पेट्रोल ट्रकची.
कायतानच्या आजोबाच्या सोडा फॅक्टरीचा हा.
गोटीच्या बाटल्यांचे क्रेट वाहिले फोंड्यापासून सावर्ड्यापर्यंत,
मागच्या फळीवर अजून 'जिंजर' वाचता येतं,
पुढचं अक्षर गंजाने खाल्लंय.

मी हवेचं बोलतच नाही.
विचारते, पेट्रोल कुठून आणशील?
टाकीतून येणारी नळी करंगळीएवढी.
पंप कारचा, ताशी एकशे नव्वद लिटरचा,
तेही दाब नसताना. दाब वाढला की तोही दमतो.
त्यात पेट्रोलच्या शंभरात वीस इथेनॉल,
तेवढ्याच चढाला जास्त पिणार.
"आधी पोटोबा," मी म्हणते, "मग विठोबा."
"आमच्यात आधी मिस, मग जेवण," कायतान म्हणतो
आणि बहात्तर खिशात घालायला बघतो.
मी हात पुढे करते.

बाबा खाणीचे टिप्पर उघडायचे जन्मभर,
कानांच्या पाळ्यांतून लाल धूळ कधी गेलीच नाही.
उपाशी इंजिनाचा आवाज त्यांनी मला
डबा हलवून शिकवला होता.
पत्र्याचा डबा, आत काजूच्या बिया.
"हे ऐकलंस की पाय काढायचा.
पिस्टनला भोक पडताना तो दुसऱ्यांदा सांगत नाही."

आठ दिवस गेले.
नवी नळी, जाड. परतीची वेगळी.
पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडलेला, गार.
रेग्युलेटर असा, की हवा एक पौंड चढली
तर पेट्रोलही एक पौंड चढावं.
आठ इंजेक्टर.
आणि नव्वद.

रात्री अकराला बोरीच्या पुलावरून परत फिरलो.
तो चालवतोय, माझ्या मांडीवर लॅपटॉप,
खिडकीतून झुआरीचा खारा वास.
"दाब," मी म्हटलं.
चढावर ब्लोअर रडायला लागला,
वरच्या पट्टीत, दात आवळून.
आठ पौंड. साडेआठ. नऊ.
मिश्रण अकरा पॉइंट आठ, हललं नाही.
इंजेक्टर शंभरातले एक्क्याऐंशी टक्के उघडे.
बहात्तरला हेच सत्त्याण्णव झाले असते,
म्हणजे शिल्लक काहीच नाही,
म्हणजे एखाद्या दुपारी, उन्हात, एसी लावून,
पुढे पर्यटकांची भाड्याची गाडी रांगत असताना
काजूच्या बिया.

माझ्या कानात फक्त रडणं होतं. बिया नव्हत्या.
कायतान वर पोहोचेपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, "आजोबाच्या बाटल्या फुटल्या असत्या."
हसला. पण त्याची नजर
नव्वदच्या पुढेच कुठेतरी होती, दिसत होतं मला.

बहात्तर मी गॅरेजच्या खिळ्याला टांगली,
बाबांच्या फोटोशेजारी, जिथे कॅलेंडर असायचं.

आज सकाळी शटर उघडलं.
खिळा रिकामा.
दहा-बाराचे पाने जागेवर नव्हते.

फोन केला नाही.
लहान पुलीला पट्टा आखूड लागतो,
तीन सेंटिमीटरने. च्यारीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.
आखूड पट्टा माझ्या खणात, अजून प्लास्टिकात.
मी चहा टाकला, दोन कप,
नि मोठ्या इंजेक्टरचा भाव काढत बसले.

कुर्टीच्या वळणावरून आवाज यायला लागला:
सैल पट्टा, घसरतोय,
डुकराच्या पिलासारखा केकाटत
जवळ जवळ येतोय.