कूलर

काटोल रोडच्या या घरात
ऐन मे महिन्यात कूलर बंद.
एक खोली, सात मुली, पत्रा तापलेला,
आणि सुकेशनी म्हणते,
नोको लावू मावशी,
पावलं आयकू नाई येत मंग.

कोणाची, ते विचारत नाही आम्ही.
फाइलीत आहे.

बाकीच्या कुरकुरल्या, शिव्याही दिल्या एकदोघींनी,
मग चादरी नळाखाली भिजवून
पांघरल्या.
ती भिंतीला पाठ लावून बसलेली,
उजाडेपर्यंत.
एकवीस रात्री.

काल घरघरीनंच जाग आली मला.
बादली रिकामी, फरशी ओली,
वाळ्याचा वास खोलीभर,
आणि ती पालथी, तोंड उघडं,
एक पाय लताच्या अंगावर टाकून
गाढ.

मी दाराशी सरकले.
पावलं ऐकायचं काम
आता माझं.