प्लग दिसतोय

सुट्टीच्या आदल्या रात्री, अजमानच्या सनायात,
तेवीस नंबरच्या खोलीत आम्ही सिनेमा लावला.
पडदा म्हणजे दिलबहादुरची चादर, धुतलेली,
तरी मधोमध हळदीचा डाग.
नायिका डावीकडून उजवीकडे गेली
की दर वेळी तिला कावीळ व्हायची.

गोष्ट अशी:
साठ मजली टॉवरच्या एसीवर वीज पडते,
त्याला अक्कल येते, आणि अक्कल आल्या आल्या
तो माणसं गोठवायला लागतो.
‘आमच्या फोरमनचंही असंच झालं,
बढती मिळाल्यावर,’ हमदुले पुटपुटला.

मी अठरा वर्षं एसीच दुरुस्त करतो.
भ्यायची माझी तयारी होती, अगदी मनापासून.
पण राक्षसाचा जबडा म्हणून जे दाखवलं
ते दीड टनाचं विंडो युनिट, उलटं बसवलेलं,
कंपनीचं नाव काळ्या चिकटपट्टीखाली.
बर्फ थर्माकोलचा.
गोठून मेलेला वॉचमन शिंकला.
शास्त्रज्ञ टोपण न काढता पेनाने
वहीत काहीतरी भयंकर लिहीत होता.
मग तो वळला, चष्मा काढला, म्हणाला,
‘डॉक्टर, यह मशीन... साँस ले रही है!’

खोली फुटली हसून.
अरे बाबा, श्वास घेतोय तोवर ठीकच आहे.
तो श्वास घ्यायचा थांबतो ऑगस्टात, रात्री दोनला,
तेव्हा ये आमच्याकडे, चष्मा घेऊन.

आणि हे सगळं चालू असताना, प्रत्येक दृश्यात,
भिंतीपाशी प्लग दिसत होता.
तीन पिनांचा, पांढरा, हाताच्या अंतरावर.
‘प्लग काढ!’ मी ओरडलो.
कुंजुमोन मल्याळीत ओरडला, रफिकुल बंगालीत,
गुल जमान पश्तूत, आणि ती भाषा
असल्या सूचनांसाठीच जन्मली असावी.
नायिकेला यातली एकही येत नव्हती.
ती डक्टमध्ये शिरली.
डक्टमध्ये!
त्या मापाच्या डक्टात माझ्या अठरा वर्षांत
एक कबुतर तेवढं शिरलंय. तेही पस्तावलं.

शेवटी नायक म्हणतो, तुलाही आई असेल.
एसी रडतो. पाणी टपटपतं.
(ड्रेन पाइप तुंबलाय. दहा मिनिटांचं काम.)

सुट्टी संपली. पहाटे साडेचारला गेटवर रांग.
तिथे हजेरीचं यंत्र आहे, तळहाताएवढं.
रफिकुल टाइल्स बसवतो. सिमेंटने
त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा खाल्ल्यात,
त्याच्या गावची नदी जमीन खाते तशा.
अंगठा ठेवला. लाल.
शर्टाला पुसून ठेवला. लाल.
कुंजुमोनने खोबरेल दिलं. लाल.
आतली बाई फार सभ्य.
तीन भाषांतून, दर वेळी तितक्याच मायेने सांगते,
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
गेल्या महिन्यात तिने त्याचे चार दिवस गिळले.
धूर नाही, संगीत नाही, थर्माकोलचा कण नाही.

मी वाकून पाहिलं, सवयीने.
वायर थेट भिंतीत गेलेली.
प्लग कुठेच नाही.

रफिकुल यंत्राकडे बघत राहिला.
मग आमच्याकडे वळला,
डोळ्यांवर नसलेला चष्मा काढला,
आणि जड आवाजात म्हणाला,
‘डॉक्टर, यह मशीन...’

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.
रांग वाकून वाकून हसत होती,
बस हॉर्न देत होती,
आणि हसता हसताच हमदुलेने अंगठा टेकवला.
हिरवा.
त्याने हात पटकन खिशात घातला,
चोरी पकडल्यासारखा.