साडेसत्तावीस किलो

ब्रातिस्लावाच्या टेनिस स्टेडियमखाली, जिथे
डॅन्यूबची ओल भिंतीला खांद्यापर्यंत चढते,
तिथे माझं यंत्र.
अकरा वर्षं, दर मे महिन्यात,
मी त्या दोघींच्या रॅकेटी विणल्या.

वर काय चाललंय ते छतातून कळायचं.
धप्प, आणि धप्प, आणि लांबलेली शांतता,
मग चार हजार माणसांचा एकच उसासा:
मारिकाचा चेंडू केसभर बाहेर.
शिट्ट्या, पायांची आदळआपट:
नेलिदा जाळ्यापाशी धावून आली.

मारिका ताम्सालू स्वतः कधी आली नाही.
भाऊ यायचा, ओठ न हलवता बोलणारा.
सहा रॅकेटी, प्लास्टिकची पिशवी, चिठ्ठीवर
तोच आकडा: साडेसत्तावीस.
तारा इतक्या ताठ, की नख लावलं तर
शेजारच्या खोलीत कुणी दार आपटल्यासारखं वाटे.

नेलिदा एचेगाराय मात्र जिना उतरून यायची,
मोज्यांतून लाल माती सांडत,
माझ्या खुर्चीत बसायची, माझंच सफरचंद खायची.
तेवीस, म्हणायची. मऊ ठेव, वेन्देलीन,
चेंडूला जरा विचार करू दे.
आणि निघताना, दारात, पाठमोरी:
"तिने किती सांगितलंय?"

मी कात्री पुसत बसायचो.
न्हावी असो की तारा विणणारा,
एका गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं
दुसऱ्याला सांगत नाही.

पेपरवाले लिहायचे, हाडवैर.
सामना संपल्यावरचं त्यांचं हस्तांदोलन
मी एकदाच पाहिलं, टीव्हीवर:
दोन बोटं, तीही ओली, नजर पंचांच्या खुर्चीकडे.
असेल वैर. मला तारांमधलं तेवढं कळतं.
बाकीच्यांशी खेळून आलेल्या रॅकेटी
कुठेही झिजलेल्या असत, कडेला, वरच्या अंगाला,
आळशी माणसाच्या चपलेसारख्या.
या दोघी एकमेकींशी खेळल्या
की दोघींच्याही तारा मधोमध झिजायच्या,
नाण्याएवढ्या जागेत.

एकोणतीस सामने. पंधरा-चौदा.
पंधरा कुणाचे, ते मला दरवेळी
बोटं मोजून आठवावं लागतं.

मग एका फेब्रुवारीत तार्तूहून तीन ओळी आल्या.
मनगट संपलं. सगळ्यांचे आभार.
मधमाश्या पाळणार आहे.

त्या मे महिन्यात नेलिदा उतरली
ती बसलीच नाही. सफरचंद जागच्या जागी.
एकच रॅकेट टेबलावर ठेवली, म्हणाली,
"हिला तिचा ताण दे."

अकरा वर्षं मिटलेलं तोंड
मी तेव्हाही उघडलं नाही.
फक्त चकती फिरवली.
आकडा चढत गेला, ती पाहत राहिली.
चोवीस. पंचवीस.
सव्वीसला ती हसली.
साडेसत्तावीसला मी हात काढला,
तेव्हा हसत नव्हती.

विणून होईतो पंचवीस मिनिटं उभी.
मग तळहाताने तारांवर थाप मारली,
कानाशी नेली, पुन्हा मारली.
"एवढं कडक," म्हणाली,
"आणि यातून ती तसा अलगद चेंडू सोडायची,
जाळ्याच्या पलीकडे, पीस पडावं तसा.
गाढव बाई."
पुढचं स्पॅनिशमध्ये होतं.
मी विचारलं नाही.

दुसऱ्याच फेरीत हरली,
एकोणीस वर्षांच्या एका पोरीकडून,
स्वतःच्या तेवीसच्या रॅकेटीने.
ही रॅकेट माझ्याकडेच राहिली.
न्यायला कुणी आलं नाही, मीही कळवलं नाही.

न खेळताही तार सैल पडत जाते.
नुसती भिंतीला टांगून ठेवा,
रात्रीतून, कुणाचा हात न लागता, ती सोडत राहते.
दर हिवाळ्यात मी तिच्यावर काटा लावतो.
पहिल्या वर्षी पंचवीसच्या वर होता,
मग चोवीस आणि थोडं.
परवा हीटर बिघडला होता,
बोटं गारठलेली, कात्री हातातच होती,
म्हटलं, किती दिवस अडवून ठेवायचा हा खिळा,
कापून मोकळं व्हावं.
सवयीने आधी काटा लावला.

तेवीस आणि पाव.

कात्री परत खणात ठेवली.