रिकामी पेटी

समोर समुद्र, एकशे चव्वेचाळीस किलोमीटर,
आणि पलीकडच्या बेटावर ओटमार जागा.
मी इथे, ला पाल्माच्या कड्यावर,
लोकरी टोपी कानांवर ओढून
प्रकाशाचा एकेक कण पाठवते.
जमेल तितका एकटा.

उभा, आडवा, तिरका.
कसा, ते मी ठरवत नाही, नाणेफेक ठरवते.
वाटेत कुणी डोकावलंच तर
पाहिल्याची खूण त्याच्या अंगावर उमटते,
ओल्या गिलाव्याला बोट लागावं तशी.
एवढंच आमचं शास्त्र. बाकी सगळी थंडी आणि तक्ते.

माझे वडील सेफेरिनो मधल्या बेटावरचे, ला गोमेराचे.
माझा किरण ते बेट उजवीकडे ठेवून जातो,
रोज रात्री, त्यांच्या झोपेला पत्ता न लागता.
त्यांची पिढी तोंडात बोटं घालून शिळेत बोलायची,
घळीच्या अल्याडून पल्याड:
शेळी व्याली. मीठ संपलं. डॉक्टरला धाडा.
आईला मागणी घातली तीही शिळेतच,
आणि ती काही बोलायच्या आत
अख्ख्या घळीनं, धुणं धुणाऱ्या बायकांनी, पाद्रीबाबांनीसुद्धा
"हो म्हण गं" अशी शीळ घातली.
आई अजून म्हणते, मला विचारलं कुणी!

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं,
"रात्रभर काय पाठवतेस?"
"शून्य आणि एक, बाबा. वाट्टेल तसे."
"आणि निरोप?"
"निरोप नाही. नुसती किल्ली.
निरोप नंतर कुणीतरी लिहील."
सूप निवेपर्यंत ते गप्प.
मग म्हणाले, "एवढा पहारा, आणि पेटी रिकामी?"

आज आफ्रिकेकडून धूळ आलीय.
चंद्र भाजक्या पिठाच्या रंगाचा.
पडद्यावर चुकांचा आकडा चढतोय,
तीन टक्के, सहा, नऊ.
अकराच्या वर गेला की सगळं फेकायचं, असा नियम.
धूळ होती की चोर, हे विचारायचं नाही;
जे बिघडलं ते चोरानंच बिघडवलं असं धरून चालायचं.
मला हा नियम आवडायचा.

बारा पूर्णांक चार.
ओटमारचा आवाज, साध्या फोनवर,
जगानं ऐकला तरी चालेल असा:
"टाकून देऊ?"
"टाक."
चार तासांची किल्ली,
कुठल्याच दाराची न झालेली.

पहाटे घुमट मिटून बाहेर आले.
गोमेरा दिसत नव्हतं, समुद्रही नाही.
गारठलेली दोन बोटं तोंडात घातली.
आधी नुसती हवाच निघाली.
मग आलं माझं नाव,
बाबा हाक मारायचे तसं,
अर्धी अक्षरं गळालेलं.
खाली फाटकाशी पहारेकरी कॉफी ओतत होता.
त्यानं मान वर केली, ऐकलं,
आणि कपाचाच हात हलवला.